कात्रीचा वाटा

"किती दिवस झाले?" केरोबाबुवांनी विचारलं.

"कशाला?"

"झोपून."

मुरलीधर मास्तरांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. "महिना झाला. वरच झाला असेल. पाठ टेकली की डोळे टक्क उघडे. वैद्य झाले, डॉक्टर झाले, जायफळ उगाळून झालं. शेवटी लोक म्हणाले, बुवांकडे जा."

"आन् तू आलास."

"आलो."



बुवांची मठी म्हणजे काय, तर डोंगराच्या पायथ्याला ओढ्याकाठी दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण आणि अंगणात एक चूल. बुवा पूर्वी मेंढरं राखायचे. म्हातारपणी मेंढरं पुतण्यांच्या हवाली करून ते इथं येऊन बसले, आणि बसले ते बसलेच. लोकांनी त्यांना बुवा करून टाकलं. त्यांनी नको म्हटलं नाही आणि बरं असंही म्हटलं नाही.

मास्तरांना मात्र बसवेना. ते उठले, अंगणाच्या टोकापर्यंत गेले, परत आले. गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

तालुक्याच्या गावात सूट शिवावा तर मुरलीधर मास्तरांनीच, असं लोक तीस वर्षं म्हणत होते आणि मास्तरही ते मान डोलावून ऐकून घेत होते. त्या हातांना आता कंप सुटला होता. मागच्या आठवड्यात एका नवरदेवाच्या कोटाचा गळा त्यांनी वाकडा कापला. आणखी दोन महिने असेच गेले तर कात्री खाली ठेवावी लागेल, हे त्यांना कळत होतं. कात्री ठेवल्यावर मुरलीधर नावाचा माणूस मागे किती उरतो, याचा विचार त्यांना करवत नव्हता.

"मंत्र द्या, अंगारा द्या, काय द्यायचं ते द्या," ते म्हणाले. "मी फुकट मागत नाही, बुवा. आमच्या देवळातले पडदे माझ्या हातचे आहेत. तुम्हाला झकास उबदार कफनी शिवून देतो. गुंडीला काज असं करतो की लोक बघत राहतील."

"मला काय करायचीय कफनी?" बुवांनी हनुवटीनं चुलीकडे दाखवलं. "तिला शिव."

चुलीशेजारी एक काळी कुत्री अंगाचं मुटकुळं करून पडली होती. चांगलीच म्हातारी होती. खरजेनं पाठीवरचे केस गेले होते आणि खालची कातडी उघडी पडली होती. दर थोड्या वेळानं तिच्या अंगातून शिरशिरी जायची, मग ती आणखी घट्ट मुटकुळं करायची.

"काजळी," बुवा म्हणाले. "अजून अख्खा मार्गशीर्ष जायचाय. घोंगडं टाकलं तर उघड्या कातडीला टोचतं. हिला एक गोधडी करून दे. मऊ."

"कुत्रीला?"

"ती गोधडीवर निजली, की तुला झोपंचं सांगतो."

मास्तरांना हसावं की रागवावं तेच कळेना. ज्या हातांनी मामलेदारांचा सूट शिवला, त्या हातांनी आता खरुजल्या कुत्रीची गोधडी शिवायची. पण माणूस नडला की काय करील त्याचा नेम नाही. त्यांनी टेप काढली, काजळीला उभं केलं आणि नाकापासून शेपटापर्यंत माप घेतलं. छाती घेतली. उंची घेतली. सवयीनं पोटाचा घेरसुद्धा घेतला आणि वहीत टिपून ठेवला.

"निजल्यावर ती एवढीशी व्हते," बुवा म्हणाले.

"आम्ही उभ्याचं माप घेतो."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं. बेतायची रीत असते, बुवा."

काजळी मान वळवून त्यांच्या बाहीचा वास घेत होती. वास घेता घेता ती जोरात शिंकली आणि चार पावलं मागे सरली.

"तुझ्या अंगाला कसला वास येतो रं?" बुवांनी विचारलं.

मास्तरांनी बाही नाकाला लावली. "मला तर नाही येत."

"येतो."

"डांबराच्या गोळ्यांचा असेल. कापडाला कसर लागू नये म्हणून पेटीत टाकतो आम्ही. धंदाच तसला."

"हं..." बुवा म्हणाले, आणि चुलीत एक काटकी सारली.

*

मास्तरांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात कात्रीचा वाटा होता.

हे जरा सांगायला हवं. मास्तर ज्या उस्तादांच्या हाताखाली शिकले, ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते की गिऱ्हाइकाच्या कापडातली चार बोटं कात्रीची. कापड असं बेतायचं, की चार बोटं मागे राहावीत आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, पुरलं हेच तुमचं नशीब. त्या दुकानात याला कुणी चोरी म्हणत नसे. कुणी त्यातून टोपी शिवायचं, कुणी खिशाचं अस्तर भागवायचं. मास्तरांनी कधी काहीच शिवलं नाही. त्यांनी नुसतं ठेवलं. तीस वर्षं ठेवलं, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि कुलूप लावलं.

आता गोधडीला याच्यापेक्षा बरं काय मिळणार होतं? मास्तर पेटीपुढे मांडी घालून बसले आणि एकेक तुकडा काढत गेले. हा हेडमास्तरांच्या विजारीचा. हा सोसायटीच्या सेक्रेटरीच्या सफारीचा. हे मांजरपाट कुणाच्या तरी बंडीचं. प्रत्येक तुकडा कुणाचा ते त्यांना आठवत होतं, आणि या आठवणीचा त्यांना थोडा अभिमानच वाटत होता.

तळाशी गेल्यावर हाताला लोकर लागली. त्यांनी हात मागे घेतला.

चॉकलेटी रंगाचं लोकरीचं कापड होतं. वीतभर रुंद आणि हातभर लांब. ते गेनू पाटकऱ्याचं होतं.

गेनू कालव्यावर पाणी सोडायच्या कामाला होता. बावीस वर्षांपूर्वी त्याच्या फौजेतल्या मेव्हण्यानं त्याला ते कापड दिलं होतं. मुलीच्या लग्नात घालायला म्हणून गेनूनं त्याचा कोट शिवायला टाकला. जन्मातला पहिला कोट. मास्तरांनी तो झोकात शिवला, फक्त बाह्या चार बोटं आखूड झाल्या.

"कापडच तेवढं होतं, गेनू," मास्तर म्हणाले होते.

कापड पुरेसं होतं.

लग्नात गेनू दिवसभर हाताची घडी घालून हिंडला. मनगटं काखेत दडवली की बाही कुठे संपते ते कुणाला दिसत नाही. मुलीचा बाप, पण आल्यागेल्याला नमस्कार करायलासुद्धा त्यानं हात मोकळे केले नाहीत, नुसती मान लववली. आणि भेटेल त्याला सांगत होता, मास्तरांची कमाल बघा, एवढ्याशा कापडात कोट बसवला. पुढे दर सणाला, दर लग्नाला तो कोट निघाला आणि कोटाबरोबर हाताची घडीही निघाली. लोक म्हणायचे, गेनू कोटात शिरला की मिजास करतो. नंतर नंतर ती सवयच होऊन बसली. अंगात कोट नसला तरी गेनू तसाच उभा राहायचा.

मास्तरांना त्याचं कधी काही वाटलं नाही. एकदोनदा हसूच आलं होतं.

मग महिन्यापूर्वी गेनू दुकानात आला. कोट कागदात गुंडाळून आणला होता. म्हणाला, "नातीचं लगीन धरलंय माघात. म्हटलं, बाह्यांना खाली पट्टी जोडता आली तर... असलं कापड कुठं गावंल का, मास्तर?"

"आता कुठलं मिळायला असलं कापड?" मास्तर म्हणाले. पेटी त्यांच्या डोक्यावरच होती.

"राहू द्या मग," गेनू म्हणाला. "तुम्ही होता म्हणून तेवढ्यात तरी झाला. दुसऱ्यानं जाकीट करून दिलं असतं." आणि कोट काखेत मारून, वर हाताची घडी घालून तो दुकानाच्या पायऱ्या उतरला.

त्या दिवसापासून मास्तरांची झोप गेली. वैद्याला त्यांनी हे सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही नाही. बुवांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

लोकरीचा तुकडा हातात धरून ते बराच वेळ बसले. गेनूकडे न्यावा, तर पहिला प्रश्न येणार, हा बावीस वर्षं कुठं होता? जाळावा, तर लोकरीचा वास अख्ख्या पेठेत जाणार. आणि मग त्यांना वाटलं, गोधडीत घालून टाकू. मुक्या जनावराला ऊब मिळेल, बुवांच्या दारात पडून राहील, पुण्यही लागेल. पुन्हा डोळ्यांसमोर यायला नको. हे सुचल्यावर त्यांना महिन्यात पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

त्यांनी तो तुकडा बरोबर मधल्या थरात घातला, वर हेडमास्तर आणि सेक्रेटरी पसरले आणि मशीन सोडली.

*

गोधडी बघण्यासारखी झाली होती. एकसारखे चौकोन, काठाला लाल मगजी, कोपऱ्यांत दुहेरी शिवण. चौथ्या दिवशी मास्तरांनी ती मठीच्या अंगणात अंथरली आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

शेवंता नावाची बाई शेजारच्या वाडीतून भाकरी थापायला मठीत यायची. ती परात बाजूला ठेवून बघायला आली.

"अगं बाई, सुटाबुटाची गोधडी," ती म्हणाली. "ह्यावर कुत्रीनं बसायचं का हिला सलाम करायचा?"

मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "काजळी, ये. ये इकडे."

काजळी आली. गोधडीच्या काठाशी थांबून तिनं नाक खाली केलं आणि लागोपाठ तीनदा शिंकली. मग पाठ फिरवून चुलीपाशी गेली आणि राखेत अंग टाकलं.

"सवय नाही तिला," मास्तर म्हणाले. "होईल हळूहळू."

ते तिथंच उकिडवे बसले. तिनं उठावं म्हणून वाट बघत बसले. तिनं डोळा उघडला की चुटकी वाजवायचे, भाकरीचा तुकडा गोधडीवर टाकायचे. काजळीनं मान लांब करून तुकडा ओढून घेतला, पाय मात्र गोधडीवर ठेवला नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तरी मास्तर आपले एकदा चुलीकडे आणि एकदा गोधडीकडे बघत होते.

शेवंतानं गोधडी दोन बोटांत धरून पाहिली. "कडक हाय. टाकं लई दाट. आन् वास तर असा मारतोय की उवासुद्धा राहायच्या न्हाईत."

"हे टेरिकॉट आहे, बाई. भारी कापड आहे."

"असंल. पण ह्यात कुणाचं अंगच न्हाई, मास्तर." तिनं सरळच सांगितलं. "गोधडीत घालत्यात ते लुगडं, धोतर, पोराचं झबलं. नेसून नेसून मऊ झाल्यालं. ह्यातलं एक तरी कुणी नेसलंय का?"

कुणी नेसलं नव्हतं. नेसायला ते कुणाला मिळालंच नव्हतं.

बुवा इतका वेळ ओट्यावर बसून होते. म्हणाले, "उसव. धू. हातानं शिव."

"परत?"

"हितंच बसून."

"बुवा, दुकान उघडं टाकून मी..."

"मग जा," बुवा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मास्तर ताडकन उठले. फाटकापर्यंत गेले. फाटकाच्या पलीकडे घर होतं, घरात पलंग होता, पलंगावर पुन्हा ते छताकडे बघणं होतं. ते परत आले आणि त्यांनी पिशवीतून उसवायचं पातं काढलं.

*

आपल्याच हाताची शिवण उसवण्यासारखं जिवावर येणारं काम दुसरं नाही. मास्तर उसवत होते आणि बुवा समोरच बसले होते. हेडमास्तर सुटले, सेक्रेटरी सुटले. मधला थर जवळ आला तसा मास्तरांना खोकला आला. खोकत खोकत ते वळून बसले आणि लोकरीचा तुकडा पिशवीत कोंबला.

बुवा ओढ्याकडे बघत होते.

बाकीचे तुकडे मास्तरांनी रिठे घालून धुतले, धोंड्यावर आपटले आणि दोन दिवस उन्हात वाळवले. पिशवीतला तुकडा धुतला नाही. तो धुवायचा म्हणजे सगळ्यांदेखत उन्हात टाकायचा. रात्री ते ओट्यावर पिशवी उशाला घेऊन पडायचे आणि डोळे उघडे ठेवून पहाट करायचे.

शेवंतानं आपल्या लुगड्याचं एक जुनेर आणून दिलं. हिरवं होतं म्हणे कधी काळी. आता त्याला रंग असा उरला नव्हता, पण हातात धरलं की हातातून घसरून जायचं. "खालवर हे लावा," ती म्हणाली. "आन् टाका लांब घ्या. कोट शिवल्यागत आवळू नका. कडेनं सुरू करायचं आन् फिरत फिरत मधी यायचं."

मास्तरांना तीस वर्षांत टाका कसा घ्यावा हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचे कान तापले. पण सुईत दोरा ओवायला त्यांना पाच वेळा हात रोखावा लागला होता आणि शेवंतानं ते पाहिलं होतं. त्यांनी जुनेर मापानं दोन भागांत फाडायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बुवा आंघोळीला गेले होते आणि शेवंता यायची होती. मास्तरांनी थरावर थर लावला. इकडे तिकडे पाहिलं. पिशवीतला तुकडा काढून मधोमध ठेवला आणि वर भरभर बाकीचं पसरलं. काजळी चुलीपाशी उठून बसली होती आणि त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"काय बघतेस?" मास्तर दबल्या आवाजात म्हणाले.

मग कडेनं टाका सुरू झाला.

एक फेरी झाली, दुसरी झाली. टाके वेडेवाकडे पडत होते. एक लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. एरवी असली शिवण कुणी दाखवली असती तर मास्तरांनी कपडा तोंडावर फेकला असता. त्यांनी दुपारी जेवण घेतलं नाही. उठायचे, ओढ्यापर्यंत जायचे, परत येऊन सुई धरायचे. फेरीगणिक चौकोन लहान होत होता आणि मधली जागा जवळ येत होती. तिथं आत काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

मधोमध पोचल्यावर सुई लोकरीत अडकली. ढकलली तर बोटात शिरली. मास्तरांनी बोट तोंडात घातलं, कसेबसे चार लांब टाके मारले आणि दोरा तोडला.

"झालं?" बुवांनी विचारलं.

"झालं."

"हातर."

*

ऊन कलायला लागलं होतं. मास्तरांनी गोधडी अंथरली. या वेळी ते मागे सरून उभे राहिले नाहीत. तिथंच गुडघ्यावर बसले.

काजळी आली. काठाचा वास घेतला. शिंकली नाही. एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि अंग सोडून काठावर बसली. शेवंताच्या जुनेरावर तिनं गाल टेकला तेव्हा मास्तर पुढे वाकले.

"बघा," ते पुटपुटले. "बुवा, बघा..."

काजळीचं नाक हललं. ती उठली. नाक घासत घासत मधोमध गेली, थांबली, आणि पुढच्या पायांनी खणायला लागली.

"हाड," मास्तर म्हणाले.

ती खणत राहिली. जुनेर विरलेलं, वर टाके चारच. दोऱ्याचा तटकन आवाज झाला.

"हाड, हाड! अगं, फाडतेस काय..." मास्तर पुढे झेपावले आणि त्यांनी दोन्ही हात गोधडीच्या मध्यावर दाबून धरले.

"खणू दे," बुवा म्हणाले.

"फाडतेय ती. तीन दिवसांची मेहनत..."

"मास्तर. हात काढ."

मास्तरांनी हात काढले. त्यांना वाटलं, आता उठून जावं, फाटकातून सरळ चालत सुटावं. पण ते तिथंच बसून राहिले.

काजळीनं भोकात तोंड घातलं, दातांनी ओढलं आणि चॉकलेटी लोकरीचा तुकडा बाहेर आला. तिनं तो गोधडीबाहेर नेऊन टाकला. दोनदा शिंकली. मग परत आली, फाटक्या गोधडीवर गोल गोल तीन फेऱ्या मारल्या, आणि जिथून तो तुकडा निघाला होता तिथंच मुटकुळं करून पडली. शेपूट नाकावर घेतलं आणि डोळे मिटले.

शेवंता परात घेऊन आत निघून गेली.

बुवांनी तुकडा उचलला. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळला. जन्म मेंढरांत गेलेला माणूस, त्याला लोकर सांगावी लागत नाही.

"चांगली हाय. कुणाची?"

"उरलेली आहे."

"मी इच्यारलं, कुणाची."

मास्तर खाली बघत राहिले. "गेनू पाटकऱ्याची."

"त्यानं दिली?"

"...नाही."

मग मास्तर बोलायला लागले. आधी उस्तादांचं सांगितलं, चार बोटांचं, धंद्याच्या रीतीचं. बोलता बोलता ते त्यांनाच ऐकवेना, म्हणून ते सोडून दिलं आणि लग्नाचं सांगितलं. "दिवसभर हाताची घडी घालून हिंडला, बुवा. व्याही गळाभेटीला आला, तरी यानं हात सोडले नाहीत. लोक मिजासखोर म्हणाले त्याला. आणि तो... तो माझंच कौतुक करत होता. बावीस वर्षं करतोय. महिन्यापूर्वी आला, म्हणाला कापड मिळेल का. मी नाही म्हणालो. माझ्या डोक्यावर पेटी होती, बुवा, आणि मी नाही म्हणालो."

त्यांनी मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. त्या हातांची त्यांना लाज वाटली. एवढी वर्षं लोकांनी वाखाणलेले हात, आणि आता ते कुठे लपवावेत तेच सुचेना. नकळत त्यांनी ते काखेत दडवले, आणि आपण कसे बसलो आहोत हे ध्यानात आल्यावर चटका बसल्यासारखे बाहेर काढले.

"मग तो हितं का घातलास?" बुवांनी विचारलं.

"म्हटलं... मुकं जनावर आहे. पुण्य लागेल."

बुवांनी काजळीकडे पाहिलं. "तिला नको हाय."

काजळी झोपली होती. पोट संथ वर खाली होत होतं. पाठीवरची शिरशिरी थांबली होती. घशातून बारीक घोरण्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज ऐकताना मास्तरांना तिचा हेवा वाटला.

"ती निजली," ते म्हणाले. "तुम्ही म्हणाला होता..."

"म्हणालो व्हतो."

मास्तर वाट बघत राहिले. बुवांनी तुकडा झटकला, नीट घडी केली आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

मास्तरांनी घडीवर तळवा ठेवला. किती होईल ते बोटांनी आपोआप पाहिलं. दोन बाह्यांच्या दोन पट्ट्या निघत होत्या, बरोबर चार-चार बोटांच्या. आत दुमडायलाही राहत होतं.

"जुळणार नाही, बुवा," ते म्हणाले. "त्याचा कोट बावीस हिवाळे वापरून विटलाय. हा कोरा आहे. मी कितीही सफाईनं जोडला तरी जोड दिसणार. लांबून दिसणार. मांडवातला प्रत्येक माणूस विचारील, हे कापड इतके दिवस कुठं होतं?"

"इच्यारतील."

"माझं नाव जाईल."

बुवांनी चुलीतली काटकी आत सारली.

"आणि गेनू... त्याच्यासमोर उभा राहून काय सांगू मी त्याला?"

ओढ्यावरून गार वारा आला. काजळीनं झोपेतच नाक शेपटात आणखी खुपसलं. उठता-बसताना मास्तरांच्या गळ्यातली टेप कधीतरी जमिनीवर पडली होती. बुवांनी वाकून ती उचलली, तिच्यावरची राख पुसली आणि मास्तरांच्या पुढे धरली.

"माप नव्यानं घे," बुवा म्हणाले. "घेताना त्याला हाताची घडी सोडायला सांग."